'झिप कून'चं मराठी काय करावं?

विचारणा अशी: बॅन्जोवरच्या 'झिप कून' या जुन्या अमेरिकी चालीचं नोटेशन सरगममध्ये छापायचं आहे. शीर्षक 'हबशी बाबू' चालेल का?

नको. 'हबशी' हा अरबी 'हबश'वरून, म्हणजे अबिसीनियावरून आलेला शब्द माणूस कुठला ते सांगतो. मलिक अंबरला हबशी म्हटलं तर ती शिवी होत नाही. 'कून' मात्र शिवीच. मूळ प्राणी रॅकून. 1840च्या दशकात तो अमेरिकेतल्या व्हिग पक्षाचं चिन्ह होता, म्हणजे तेव्हा हा शब्द गोऱ्यांनाही लागायचा. जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या 'मिन्स्ट्रेल' खेळांनी तो त्यांनाच चिकटवला, आणि 1890च्या दशकात तर 'कून साँग' हा बाजारात खपणारा गाण्यांचा प्रकारच झाला.

'झिप' हे सिपिओचं लघुरूप. रोमन सेनापतीचं नाव गुलामाला ठेवायचं, ही मालकांची थट्टा. पण 1834 मध्ये न्यूयॉर्कला छापलेल्या गाण्यातला झिप गुलाम नाही. तो शहरात नटूनथटून मिरवणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय आहे, आणि खिल्ली नेमकी त्या स्वतंत्रपणाची आहे. 'बाबू' लावलात तर तीच खिल्ली तुम्ही मराठीत आणाल.

चाल आज 'टर्की इन द स्ट्रॉ' म्हणून वाजते. शीर्षकात तेवढंच द्या. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल –' लिहून मूळ गाण्याचे शब्द छापत. ती सोय इथे डोक्यावर नको, तळटीपेत वापरा: जुनं नाव अवतरणचिन्हांत, पुढे साल, आणि ते का बदललं याचं एक वाक्य. नुसतं गाळू नका. जुन्या छापील प्रती त्याच नावाने शोधाव्या लागतात.

आणि नोटेशनवर 'बेंजोसाठी' लिहू नका. आपल्या मिरवणुकीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, बटणांचा, जपानी तैशोगोतोच्या कुळातला. हा बॅन्जो पाच तारांचा, पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांची आठवण ठेवून गुलामांनी कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत घडवलेला.

मांडणीत चूक होते ती चौथ्या तारेवर. तारा जुळवण्याच्या आजच्या 'ओपन जी' पद्धतीत पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत सूर असे: तार सप्तकातला सा, मंद्र प, सा, ग, प. ब्रिग्जच्या 1855च्या बॅन्जो शिकवणाऱ्या पुस्तकात सगळं वाद्य पाच अर्धस्वर खाली, आणि चौथी तार मंद्र प नव्हे, मंद्र म. तिथली बोटं जशीच्या तशी उतरवली की म हवा तिथे प वाजतो. एक तर तार उतरवा, नाहीतर त्या तारेवरचं दुसऱ्या पडद्यापासून पुढचं प्रत्येक बोट दोन पडदे मागे घ्या; मोकळ्या तारेचा म मात्र तार उतरवल्याशिवाय मिळणार नाही.

फिडलचे (व्हायोलिनचे) सगळे धावते सूरही घेऊ नका. नखाचा ठोका, तारांवर झटका, मग अंगठ्याने पाचवी तार, या चक्रात मात्रेवरचे सूर तेवढे बसतात. मधले डाव्या हाताने ठोकून किंवा ओढून काढायचे. 'ए'च्या (A) पट्टीत न्यायचं तर दुसऱ्या पडद्यावरचा कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारी पकड, पाचव्या तारेपर्यंत पोचत नाही. तिच्यासाठी सातव्या पडद्याजवळ खेळण्यातल्या रेल्वेरुळाचा बारीक खिळा ठोकतात आणि तार त्याखाली अडकवतात.