रिपोर्ट नॉर्मल, तरी बोका गादीवरच लघवी करतो

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग हा मुद्दाम करतोय का हो?" घरात मांजरं जास्त असली की हा प्रश्न हमखास येतो. या वेळी विचारणाऱ्या ताईंच्या घरी पाच मांजरं होती: दोन बहिणी, दोन बोके आणि सगळ्यांत शेवटी आलेली एक भाटी. सोन्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला, अंगाने जड. घराबाहेर कधी जात नाही आणि ड्राय फूडशिवाय काही खात नाही. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा तो गादीवर लघवी करत होता, थेंब थेंब, कधी गुलाबीसर. सोनोग्राफीत खडे नव्हते, लघवीच्या कल्चर तपासणीत जंतू नव्हते. तिन्ही वेळा अँटिबायोटिक दिलं, आठवड्यात बरं वाटलं आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

मुद्दाम अजिबात नाही. त्याला दुखतंय. लघवीच्या डब्यात, म्हणजे लिटर बॉक्समध्ये, बसलं की दुखतं, म्हणून डबाच नकोसा होतो आणि मऊ जागा बरी वाटते. या आजाराला फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात: मूत्राशयाला सूज, पण जंतूही नाहीत आणि खडेही नाहीत. याचा झटका बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप ओसरतो, त्यामुळे श्रेय अँटिबायोटिकला जातं. ताण टिकून राहिला की मूत्राशयाच्या अस्तरावरचा संरक्षक थर विरळ होतो, लघवीतली द्रव्यं आत झोंबतात आणि नसा चाळवतात. ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. 2011 मध्ये त्यांनी 'पँडोरा सिंड्रोम' हे नाव पुढे आणलं, कारण अशा मांजरांचा त्रास मूत्राशयापुरता राहत नाही. सोन्याही पोटाखालचे केस चाटून चाटून विरळ करत होता. ताई त्याला ॲलर्जी समजत होत्या.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बोका पुन्हा पुन्हा डब्यात बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवी येतच नाही किंवा एखादा थेंब येतोय, तर बद्धकोष्ठ समजून वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. मध्यरात्र असली तरी त्याच वेळी डॉक्टर गाठा. पोट दाबून बघू नका. माणसांची वेदनाशामक गोळी तर कधीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

"पण माझी मांजरं भांडतच नाहीत," ताई म्हणाल्या. खरं होतं ते. मांजरांमधला बराचसा जाच बिनआवाजी असतो. म्हणून त्यांना सात दिवसांचं काम दिलं. घराचा नकाशा काढायचा, कोण कुठे झोपतं आणि कोण कुणाला चाटतं ते त्यावर मांडायचं, आणि रोज संध्याकाळी तासभर मोबाइल पॅसेजकडे रोखून ठेवायचा.

चौथ्या दिवशीच्या व्हिडिओत सगळं उघड झालं. दाराच्या चौकटीत भाटी आडवी पसरलेली, झोपल्यासारखी, पण कान पुढे. सोन्या येतो आणि चार हातांवर थबकतो. एक पंजा हवेतच राहतो. भाटी मान वळवून नुसती बघते, पापणी हलत नाही. तो खाली बसतो, उगाच खांदा चाटतो आणि भिंतीकडेने मागे फिरतो. ना फिस्कारणं, ना पंजा मारणं. पॅसेजच्या टोकाला बाल्कनी, आणि पाचही लिटर बॉक्स तिथे ओळीने मांडलेले. आपण पाच मोजतो. सोन्यासाठी तो एकच डबा होता आणि त्याची वाट अडलेली होती.

नकाशावर तीन गट दिसले. दोन्ही बहिणी एकमेकींना चिकटून झोपायच्या, बोके एकमेकांना चाटायचे, भाटी एकटी. पाच मांजरांना सहा डबे हा 'एक जास्त' हिशोब बरोबरच आहे, पण ते प्रत्येक गटाच्या वावरात, वेगवेगळ्या खोल्यांत हवेत. डबा नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा. बाजारातले बरेच डबे लहान पडतात. सामान ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा टब घेऊन एका बाजूने कापला की छान काम होतं. डब्यात घालायचं लिटर बारीक दाण्याचं, बिनवासाचं, चार-पाच सेंटिमीटर थर. लघवीने लिटरच्या होणाऱ्या गुठळ्या दिवसातून दोनदा काढायच्या. टब साध्या साबणाने धुवायचा. फिनेल नको, ते मांजरांना विषारी असतं. गादीला एन्झाइम क्लीनर लावायचा, नाहीतर वास त्याला पुन्हा तिथेच बोलावतो.

ताईंनी उत्साहाने एका रविवारी सगळं एकदम बदललं: डबे, लिटर, खाणं, कपाटांच्या जागा. सोमवारी सोन्या पलंगाखाली गेला आणि मंगळवारी पुन्हा गुलाबी थेंब. बदल हाच या मांजरांचा मोठा ताण असतो. जुने डबे जुन्या जागी परत ठेवले आणि मग पाच-सहा दिवसांनी एकेक बदल केला. नवा डबा नीट वापरात येईपर्यंत जुना हलवायचा नाही, हे त्यानंतर कसोशीने पाळलं.

खाण्याच्या वाट्या एकमेकांच्या नजरेआड गेल्या, कारण मांजर स्वभावाने एकट्याने खाणारा प्राणी आहे. ड्राय फूडमध्ये पाणी साधारण 10 टक्के, वेट फूडमध्ये 75 ते 80 टक्के. लघवी पातळ राहावी म्हणून दहा दिवसांत हळूहळू वेट फूड वाढवलं. खात नाही म्हणून उपाशी मात्र ठेवायचं नाही. जाड्या मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. चोवीस तास खाल्लं नाही तर डॉक्टर. पाण्याची भांडी रुंद तोंडाची, खाण्यापासून आणि डब्यांपासून लांब. चौकटीजवळ भिंतीवर फळ्या लावल्या, पण चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट ठेवून. एकच वाट असलेली फळी म्हणजे नवा सापळा. भाटीला वरची फळी आवडली आणि चौकट मोकळी राहू लागली.

दोन चुका जवळपास प्रत्येक घरात होतात. लपलेल्या मांजराला ओढून काढून गोळी दिली की लपायची ती एक जागाही त्याच्यासाठी सुरक्षित राहत नाही. गोळी ठरलेल्या वेळी, दुसऱ्या जागी द्यावी. दुसरी चूक दवाखान्यातून आल्यावरची. अंगाला परका वास असतो, म्हणून बाकीची मांजरं त्याच्यावर फिस्कारतात. त्याला रात्रभर वेगळ्या खोलीत ठेवावं, सगळ्यांच्या झोपण्यातली चादर सोबत द्यावी. झटका आलेला असताना वेदनाशामक लागतंच, ते डॉक्टरांकडूनच. वारंवार होत असेल तर दीर्घकाळच्या औषधाबद्दलही त्यांना विचारा, पण घर तसंच ठेवून नुसत्या गोळीवर विसंबू नका.

"भाटीला दुसरं घर बघू का?" हेही ताईंनी रडवेल्या आवाजात विचारलं होतं. सगळे बदल नीट करून तीन महिने झाल्याशिवाय हा निर्णय नको, असं सांगितलं. त्यानंतरही एखादं मांजर दिवसभर लपत असेल, खाणं टाळत असेल, तर त्याच्यासाठी शांत घर शोधणं ही माया कमी पडल्याची खूण नव्हे. इथे ती वेळ आली नाही.

आजार मुळापासून गेला असं मात्र नाही. चौथ्या महिन्यात घरी पाहुणे राहिले आणि एका संध्याकाळी ताईंच्या रोजच्या नोंदींच्या वहीत नोंद झाली: गुठळ्या सात, नाण्याएवढ्या. म्हणजे पुन्हा थोडी थोडी, वारंवार लघवी. ताईंनी त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला आणि सोन्याला बेडरूममध्ये त्याचा डबा, पाणी आणि दोन भोकांचं खोकं देऊन दार लावून घेतलं. चौथ्या दिवशीची नोंद: गुठळ्या तीन, लिंबाएवढ्या, गादी कोरडी.