फरशी नवीन, गाडी जुनी

प्रश्न : काका नमस्कार, आमची १९९८ ची मारुती ८०० आहे, पप्पा विकू देत नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाही विकायची नाही. फुलेवाडीत घरासमोर नवीन फरशी घातलीय आणि रोज सकाळी गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग, त्यावरनं आई रोज सुरू. दोन महिन्यांत पाव लिटर ऑइल टाकावं लागतं. गॅरेजवाल्यानं चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्याचं, पॅकिंग बदललं, पंधरा दिवस डाग बंद, मग परत तेच. आता तो म्हणतोय इंजिन उतरवून मागचं सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी रिंग, टाकूया. टाकू का? आणि कूलंटची बाटलीपण हळूहळू खाली जातीय, पण खाली एक थेंब दिसत नाही, हे काय?
– एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर : थांबा ओ, इंजिन एवढ्यात उतरवू नका. तुमच्या पत्रातच उत्तर हाय, पंधरा दिवस डाग बंद होता ते नवीन पॅकिंगमुळं असंल असं मला वाटत नाही, पॅकिंग बसवताना त्यानं खालचं सगळं पुसून घेतलं असणार आणि परत ओघळ खालपर्यंत यायला तेवढे दिवस लागले. ऑइल गळतं एकीकडं आणि थेंब पडतो दुसरीकडं. वरनं ओघळत येतं, गाडी पळताना वाऱ्यानं मागं पसरतं, आणि शेवटी सगळ्यात खाली काय तर चेंबर, म्हणून बिचाऱ्या चेंबरवर आळ. मीपण एकदा असंच पॅकिंग उगाच बदललंय, माझ्याच गाडीचं, त्यामुळं तुमच्या मिस्त्रीला हसायचा मला अधिकार नाही.

आधी इंजिन धुवा. थंड असताना, ब्रश आणि रॉकेल नाहीतर डिग्रीझर घेऊन, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटतो तो) आणि अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करतो तो) प्लास्टिकची पिशवी बांधून, आणि पूर्ण वाळल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. मग रंकाळ्याला एक चक्कर मारून या, टॉर्च लावून वरनं खाली बघत या, काही नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी पन्हाळा चढून या, परत बघा. जिथं सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं ओलं दिसतंय तिथं चोर. नीट कळत नसंल तर संशयाच्या जागेवर अंगाला लावायची पावडर भुरभुरा, ओघळ कुठनं सुरू झाला ते पांढऱ्यावर लगेच उमटतं. गाडीखाली रात्री पुठ्ठा टाका आणि पुढची चाकं कुठं होती त्याच्या खुणा पेननं करून ठेवा, आईपण गप्प बसतील.

माझा पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, पॅकिंगवर, ते रबर उष्णतेनं कडक होऊन बसतं. मग डिस्ट्रिब्युटर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, बसतो तिथली रिंग, मग ऑइल प्रेशरचा स्विच. ही तिन्ही कामं इंजिन न उतरवता होतात. आणि मागचं सीलच निघालं तर ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातनं येतं, पण त्यालाही बहुतेक वेळा गिअरबॉक्स उतरवून भागतं, हे गॅरेजवाल्याला विचाराच. जुनं सील निघालं की टाकून देऊ नका, त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात, ते घेऊन उद्यमनगरात पार्टच्या दुकानात गेलात की तुमचं काम सोपं.

अजून एक, ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारा, पाइप आणि व्हॉल्व्ह तुंबलाय का ते बघा. तुंबला की आतली हवा कोंडते आणि मिळंल त्या सीलमधनं ऑइल बाहेर ढकलते, मग तुम्ही सीलं बदलत बसता. आणि कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळू नका, आपल्याकडं गळायला लागलं की अजून एक पिळा द्यायची भारी सवय, त्यानं पत्रा वाकतो आणि गळती वाढते. सिलिकॉनपण भसाभसा लावायचं नाही, जादाचं आत तुटून पडतं आणि ऑइलच्या जाळीत अडकतं.

कूलंटचं म्हणाल तर, गरम लोखंडावर बारीक झिरपलेलं खाली पडायच्या आधीच वाळून जातं, मागं पांढरट नाहीतर हिरवट खपली राहते, ती शोधा. होजच्या क्लिपा, रेडिएटरची कड, आणि वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, तिथं डाग असला तर पंपाचं सील गेलंय. रेडिएटरच्या झाकणाचं रबर तडकलं असंल तर आधी झाकण बदला, स्वस्तातलं काम हाय. झाकण गरम इंजिनवर कधीच उघडायचं नाही. हीटर असंल आणि पायाखालचं कार्पेट ओलसर लागत असंल, काचेवर गोडसर वासाची वाफ धरत असंल, तर हीटरचा कोर, म्हणजे डॅशबोर्डामागची कूलंट फिरणारी जाळी, गळतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली आणि पाणीपण जातंय, मग मात्र हेड गॅस्केटचं, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकमधल्या पॅकिंगचं, बघायला लागंल. पावसाळ्यात जवळ जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही थोडी साय येते, लगेच घाबरू नका. बोअरचं पाणी ओतत असाल तर ते बंद करा, क्षार बसतात, कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला. कूलंट गोड लागतं म्हणून गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात, सांडलं तर लगेच धुवा.

थेंब चाकाच्या आतल्या बाजूला पडत असंल तर एक थेंब वाटीभर पाण्यात सोडा. तरंगला तर ऑइल, विरघळला तर ब्रेक ऑइल किंवा कूलंट. चाकापाशी विरघळणारा मिळाला की ब्रेक ऑइल गळतंय असं समजा, गाडी जागची हलवायची नाही, पप्पा गगनबावड्याला निघाले असतील तर चावी काढून घ्या आणि मिस्त्रीला घरी बोलवा.