भावाच्या हार्टला होल होतं, मला त्यावरच संशोधन करायचंय

प्रश्न: काकू नमस्कार, मी मालवणजवळच्या गावातून लिहितेय. यंदा बारावी, ग्रुप पीसीबी, गणित सोडलंय. माझ्या लहान भावाच्या हार्टला होल होतं, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला, मुंबईला ऑपरेशन झालं, आता तो मस्त खेळतो. पण आजी अजून म्हणते आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, आणि आई गप्प बसते. मला हृदय पोटात बनतं कसं आणि बिघडतं कुठे यावर संशोधन करायचंय. घरचे म्हणतात नीट दे नाहीतर बीएससी बीएड कर. गणिताशिवाय जमेल का? आणि यात पोट भरतं का?

उत्तर: बाय, आधी आईचं बोलू, करिअरचं नंतर. ग्रहण म्हणजे सावली, तिचा पोटातल्या बाळाच्या हृदयाशी काहीही संबंध नाही. बाळाचं हृदय गर्भ राहिल्यापासून साधारण २२व्या दिवशी ठोके द्यायला लागतं, तेव्हा ती नुसती एक नळी असते, मग ती वळते, तिचे कप्पे होतात, मधे पडदे येतात, आणि आठव्या आठवड्यापर्यंत हे बहुतेक उरकलेलं असतं. म्हणजे होडी पाण्यात चालू असतानाच बांधायची असा प्रकार. यात कुठे काही राहून गेलं तर नवल नाही, शंभरात जवळपास एका बाळाला हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. कधी जीनमधला बदल, कधी डाउन सिंड्रोम, कधी आईची आटोक्यात नसलेली शुगर किंवा गरोदरपणात झालेला रुबेला, आणि बऱ्याच मुलांमध्ये एकच एक कारण सापडतच नाही. हे आजीला आईसमोर वाचून दाखव.

आता तुझं काम. ही माणसं काय करतात ते मला फार आवडतं म्हणून जरा लांबण लावते. फळमाशीत टिनमॅन नावाचं जीन आहे, ते बंद पडलं तर माशीला हृदयच बनत नाही, हे १९९३ मध्ये कळलं, आणि तसंच जीन माणसात आहे, एनकेएक्स२-५. १९९८ मध्ये हार्वर्डच्या क्रिस्टीन सीडमन आणि सहकाऱ्यांनी काही कुटुंबं तपासली ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या पडद्याला होल आणि ठोक्यांचा घोळ होता, तर दोष नेमका याच जीनमध्ये निघाला! माशीपासून माणसापर्यंत पाचच वर्षं. त्याच्या आदल्या वर्षी टीबीएक्स५ हे दुसरं जीन सापडलं होतं, त्यात बिघाड असला की होलबरोबर अंगठा किंवा हातही वेगळा असतो, कारण दोन्ही घडवायला तेच जीन लागतं. सीडमन मुळात डॉक्टर, म्हणजे नीटचा रस्ताही इकडे येऊ शकतो, पण फक्त त्यासाठी एमबीबीएस करू नकोस असं माझं मत.

आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संस्थेत झेब्राफिशच्या हृदयावर काम चालतं. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, त्याचं अंडं पारदर्शक, साधारण २४ तासांत हृदय धडधडताना मायक्रोस्कोपखाली दिसतं, आणि मोठ्या माशाच्या हृदयाचा तुकडा कापला तरी ते पुन्हा भरून येतं.

गणित सोडलंस तरी आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा देता येते, मात्र तिच्यात गणिताचे प्रश्न असतात आणि पहिल्या वर्षी गणित शिकावंही लागतं, तेव्हा सुट्टीत अकरावीचं पुस्तक काढ. तिथे नाही लागला नंबर तर मालवण किंवा रत्नागिरीत झूलॉजी घेऊन बीएससी कर, मग जॅम किंवा गॅट-बी या एमएससीच्या प्रवेश परीक्षा देऊन एमएससी. हा मार्ग कमी दर्जाचा अजिबात नाही.

पैशाचं सरळ सांगते. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी पीएचडीची शिष्यवृत्ती, मिळाली की महिना ३७,००० आणि वर घरभाडं, पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, बहुतेक परदेशात, पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. घरच्यांना हे आत्ताच सांग, लपवलंस तर पुढे दर दिवाळीला तेच भांडण. आणि महिनोन्‌महिने प्रयोग फसतात, ज्यांना रोज पेशंट बरा होताना बघायचाय त्यांना हे सोसत नाही, तुझ्या पत्रात मला तसं दिसलं नाही, तू "कुठे बिघडतं" विचारलंस.

अजून एक, भावाची इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, फाईल जपून ठेवा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा की घरात आणखी कुणाचा इको किंवा ईसीजी करायला हवा का, काही कुटुंबांत ठोक्यांचा त्रास उशिरा दिसतो.