घरात लहान मुलं असताना पसारा कसा आवरायचा? मुलांची खरंच मदत होते का?

तुम्ही लिहिलंय की मुलं सात आणि चार वर्षांची, तुम्ही दोघंही नोकरीला, वन बीएचके, आणि रोज रात्री पसाऱ्यावरून आरडाओरड. मुलांना कामाला लावलं तर मदत होते की आपलंच काम वाढतं, हा तुमचा प्रश्न. पहिले दोन-तीन महिने वाढतं. मग मदत होते, आणि चांगली होते. आम्ही डोंबिवलीत साडेचारशे चौरस फुटांत पाच माणसं राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. तेव्हा हे अनुभवाने सांगतेय.

आधी माझं काय चुकलं ते सांगते. मुलगी चार वर्षांची असताना वाळलेल्या कपड्यांतले रुमाल आणि नॅपकिन मी तिच्याकडे दिले. ती फतकल मारून बसायची, रुमाल फरशीवर पसरायची, चारही कोपरे तळहाताने दाबायची आणि एक टोक उचलून दुसऱ्यावर न्यायची. टोकं जुळली नाहीत की सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. सहा रुमालांना वीस मिनिटं लागायची. आणि ती झोपली की मी त्या घड्या मोडून माझ्या पद्धतीने घालायचे, कारण कपाटात गठ्ठा वाकडा दिसायचा. एका सकाळी तिने कप्पा उघडला, रुमाल हातात घेतला आणि म्हणाली, "आई, ही माझी घडी नाहीये." त्यानंतर कितीतरी दिवस तिने कपड्यांना हात लावला नाही. मला ते फार लागलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, तू परत करणारच असशील तर तिने कशाला करायचं?"

त्या तीस वर्षं बालवाडीत शिकवत होत्या. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मोंतेसरींची एक गोष्ट त्यांनीच मला सांगितली. १९०७ साली रोममध्ये मोंतेसरींनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह, म्हणजे त्यांची बालशाळा, काढलं, तेव्हा साहित्य मोठ्या कपाटात कुलूपबंद असायचं, शिक्षिका काढून द्यायची. एकदा ती कुलूप लावायला विसरली आणि दुसऱ्या दिवशी जरा उशिरा पोचली. बघते तर मुलांनी आपापल्या वस्तू काढून कामाला सुरुवातही केलेली. त्यानंतर मोंतेसरींनी मुलांचा हात पोचेल अशी बुटकी कपाटं करून घेतली.

हे ऐकल्यावर मी आमचं घर मुलीच्या उंचीवरून पाहिलं. दप्तराचा हूक माझ्या खांद्याशी. वाट्या आणि ताटल्या वरच्या मांडणीत. मुलांचे कपडे तिसऱ्या कप्प्यात. तिच्या हाताला काहीच लागत नव्हतं, आणि आम्ही दिवसभर म्हणायचो, "उचलून जागेवर ठेव."

मग हूक खाली घेतले. रोजच्या ताटल्या-वाट्या ओट्याखालच्या ट्रॉलीत आल्या, त्यामुळे पानं घ्यायचं काम आपोआप मुलांकडे गेलं. खेळणी निम्मी माळ्यावर टाकली, उरलेली तीन टोपल्यांत: ठोकळे, गाड्या, रंगांचं सामान. दर महिन्याला अदलाबदल करतो. यासाठी महागडे ऑर्गनायझर मागवू नका. आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली ती परदेशी साधनं आणून नाही, आसपास मिळेल त्या वस्तूंवर उभी केली. घरातल्या जुन्या टोपल्या आणि बिस्किटांचे डबे पुरतात.

दुसरी गोष्ट बोलण्याची. "खोली आवर" हे चार वर्षांच्या मुलाला कळतच नाही, सात वर्षांच्यालाही अर्धवटच कळतं. "सगळे ठोकळे टोपलीत टाक" हे कळतं. ते झालं की पुढचं सांगायचं. आणि ही आवराआवर जेवणाआधी करा. तुम्ही रात्री म्हणता ना, तेव्हा मुलं पेंगुळलेली असतात आणि आपणही दमलेलो असतो, भांडण होणारच. आम्ही संध्याकाळी कुकर लावला की सुरू करतो, शिट्ट्या होईपर्यंत संपवतो.

प्रत्येकाकडे एक काम पूर्ण त्याचं असू द्या. "आज आईला जरा मदत कर" असं रोज नवं काम सांगितलं की मुलांना ते आईचंच काम वाटतं. ओला आणि सुका कचरा मुलाकडे आहे. घंटागाडीची वेळ त्याला पाठ आहे आणि दुधाची पिशवी न धुता सुक्यात टाकली तर तो आजोबांनाही टोकतो. मुलीकडे चपला, रुमाल आणि तुळशीचं पाणी. तुमच्याकडे कोण मुलगा, कोण मुलगी हे लिहिलेलं नाही, पण भांडी-झाडू मुलीला आणि बाहेरची कामं मुलाला अशी वाटणी कृपा करून करू नका. आमच्याकडे दर रविवारी केर मुलगा काढतो.

पैसे देऊ नका, हे माझं ठाम मत. आम्ही महिनाभर कामाला पाच रुपये देऊन पाहिले. मुलगा पाण्याची बाटली भरायचेही पैसे मागायला लागला. बंद केलं.

एक काळजी मात्र घ्या. फरशी पुसायला मुलांना साधं पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकंच द्या. फिनाईल, संडासाचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर वरच कुलपात. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, त्यामुळे ती कामं मोठ्यांचीच.

सुरुवात एकाच गोष्टीने करा, चपलांनी. चार वर्षांच्या मुलाकडे ते द्या: सगळ्यांच्या चपला जोडीने भिंतीला लावायच्या. सात वर्षांच्याला तुम्ही काम नेमून देऊ नका, चार-पाच कामं सांगा आणि त्यातलं एक त्यालाच निवडू द्या. महिनाभर त्यात भर घालू नका. चपला वाकड्या लागल्या तरी हात लावू नका.