आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षात कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीनियर म्हणतात, ऑटोकॅडचे दिवस गेले, रेव्हिट शीक. आता तर एआय दोन मिनिटांत इमारतीची चित्रं काढून देतं. माझा हात बसेपर्यंत हेही जुनं होईल का? या क्षेत्रात तीस-चाळीस वर्षं टिकता येतं का? आईबाबाही हेच विचारतात. – एक विद्यार्थिनी

उत्तर : टिकता येतं, पण एकाच सॉफ्टवेअरच्या भरवशावर नाही. ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर रेघांची ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, १९८२ च्या डिसेंबरात आलं आणि हळूहळू ऑफिसांतले ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले. रेव्हिटची पहिली आवृत्ती २००० मधली. म्हणजे पूर्ण कारकिर्दीत साधन दोन-तीनदा मुळापासून बदलणार, हे धरूनच चाल. ट्रेसिंग पेपरवर सुबक शाई ओढणं एवढंच ज्यांचं काम होतं, त्यांची ऑटोकॅड आल्यावर अडचण झाली. ती रेघ भिंतीच्या कुठल्या थराची आहे हे ज्यांना कळत होतं, त्यांना फक्त माऊस शिकावा लागला.

साधन बदललं की चुकांची जातही बदलते, आणि हे कोर्समध्ये सहसा शिकवत नाहीत. हाताने काढायच्या काळात प्लॅनमध्ये खिडकी सरकवली की सेक्शन (इमारत उभी कापून दाखवणारं चित्र) आणि एलिव्हेशनमध्ये (बाहेरून दिसणारी बाजू) ती ब्लेडने खरवडून पुन्हा काढावी लागे. एखादीकडे राहून जाई. कॅडमध्ये मोजमापाचा आकडा हाताने बदलून टाकण्याची सोय आली. रेघ २९८५ मिमीची आणि लिहिलंय ३०००, अशी ड्रॉइंग साइटवर गेली की गवंडी आकडा पाळतो आणि फर्निचरवाला फाइलमध्ये मोजतो. रेव्हिटसारख्या बिम सॉफ्टवेअरमध्ये भिंती-मजल्यांच्या माहितीसकट इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करतात. प्लॅन आणि सेक्शन त्याच एका मॉडेलमधून निघतात, म्हणून ती जुनी चूक बरीच कमी झाली. पण मॉडेल पहिल्याच आठवड्यात भिंतीचे थर मागतं. न ठरलेली गोष्टही भरावी लागते, आणि पुढे ती ठरलेली समजून कोणीतरी तिच्या प्रमाणात माल मागवतो.

जिन्याचंच उदाहरण घे. मजल्याची उंची ३१५० मिमी, १८ पायऱ्या, प्रत्येकी उंची १७५, पाय ठेवायची रुंदी २५०. दोन उंच्या अधिक एक रुंदी म्हणजे ६००, चालायला ठीक. सॉफ्टवेअर हा जिना काही सेकंदांत काढून देतं. आता फरशीचा थर धर : दोन्ही मजल्यांवर ५० मिमी, पायऱ्यांवर आणि लँडिंगवर ३०. काँक्रीट सगळीकडे १७५ ने ओतलं, तर फरशी बसल्यावर पहिली पायरी १५५ ची होते आणि शेवटची १९५ ची. मधल्या सगळ्या १७५. माणूस नेमका वरच्या पायरीला ठेचकाळतो. उपाय सेंटरिंगच्या (काँक्रीटचा साचा बांधण्याच्या) वेळीच करायचा : काँक्रीटमध्ये पहिली पायरी १९५, शेवटची १५५, मधल्या सोळा १७५. बेरीज ३१५० च येते. मॉडेलमध्ये जिना काँक्रीटच्या लेव्हलवरून मोजलाय की फरशीच्या, हे न बघता शीट छापली तर स्क्रीनवर कुठेही लाल खूण दिसत नाही. हा सेक्शन १:२० मध्ये एकदा हाताने काढ, थरांसकट. एक संध्याकाळ जाईल.

आता तुझा मूळ प्रश्न. एक द्विमितीय कॅड पक्कं कर. छोट्या कामांत आणि जुन्या फाइलींत ते लागतंच. एक बिम सॉफ्टवेअर नीट शीक. रेव्हिट की आर्किकॅड, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नकोस. मजले, थर, फॅमिली (दारं-खिडक्यांसारखे तयार घटक), शीट यांची समज आली की दुसरं उचलायला काही महिने पुरतात. तिसरं, थोडं नियमांवर चालणारं डिझाइन, ग्रासहॉपरसारखं, पण हौस असेल तरच. रेंडरिंगवर सगळ्यात कमी वेळ दे. ते सगळ्यात लवकर शिळं होतं.

बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय (१९९७) विमानं डिझाइन करणाऱ्या कॅटिया या सॉफ्टवेअरच्या मदतीने उभं राहिलं. त्याचे आर्किटेक्ट फ्रँक गेरी यांचं ऑफिस मात्र आधी हाताने मॉडेलं करायचं आणि मग त्यांची मापं संगणकात घ्यायचं.

एआयची चित्रं सुरुवातीला क्लायंटची आवड ओळखायला जरूर वापर. मग त्याच चित्राचा प्लॅन आणि सेक्शन काढायला बस. वरचा कॉलम खाली कशावरच उभा नाही, जिना कुठे पोचतच नाही, पावसाचं पाणी जायला उतार नाही, हे तेव्हा दिसतं. ते पकडता येणं हाच तुझा पगार.

पहिली तीन-चार वर्षं वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीची तपशीलवार ड्रॉइंग) आणि साइट दोन्ही मिळतील असं ऑफिस शोध, पगार थोडा कमी असला तरी. नुसती थ्रीडी व्ह्यू काढून घेणारी नोकरी टाळ. खरा धोका मात्र चाळिशीच्या आसपास येतो. माणसं टीम सांभाळू लागतात, मॉडेल उघडणं ज्युनिअरवर सोपवतात, आणि पाच-सहा वर्षांत तपासण्याची ताकदच जाते. तेव्हा वेगाने ड्रॉइंग काढता आलं नाही तरी चालेल. स्वतः मॉडेल उघडून हवा तिथे सेक्शन घेणं, अंतर मोजणं आणि तुळईतून (बीममधून) एसीचा डक्ट जातोय का ते बघणं जमलंच पाहिजे. नवं सॉफ्टवेअर चालू कामाच्या मध्यावर कधीच आणू नये. बांधून झालेली एखादी छोटी इमारत त्यात पुन्हा काढून बघावी, कारण तिथली उत्तरं आधीच माहीत असतात.

आणि फाइली. नव्या रेव्हिटमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि दहा वर्षांनी वाढीव मजल्यासाठी क्लायंट परत येतो तेव्हा सॉफ्टवेअरच बंद पडलेलं असू शकतं. काम संपलं की मूळ फाइलीसोबत पीडीएफ शीट, डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) आणि आयएफसी (वेगवेगळ्या बिम सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) अशा प्रती ठेव, फोल्डरच्या नावात आवृत्ती लिही. कॉलेजच्या प्रोजेक्टपासूनच ही सवय लाव. पोर्टफोलिओ करताना पहिला उपयोग तुलाच होईल.