क्लायंटचे ब्रीफ वाचणे आणि त्याला उत्तर देणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : उपयोजित कलेचे शिक्षण संपवून तुम्ही स्वतंत्र कामे घेऊ लागला आहात. कोल्हापूरकडच्या एका उत्पादकाने कांदा लसूण मसाल्याच्या पाऊचचे काम दिले आहे. ब्रीफ म्हणून, म्हणजे काम काय आणि कसे हवे हे सांगणारी सूचना म्हणून, व्हॉट्सअॅपवर एवढाच निरोप आला, ‘पाकीट एकदम मॉडर्न पाहिजे, पण घरगुती वाटलं पाहिजे. लाल रंग ठेवा, लोगो मोठा करा, पुण्या-मुंबईत विकायचंय, दिवाळीच्या आधी माल सुटला पाहिजे.’ तुम्ही तीन लेआउट, म्हणजे पाकिटाच्या मांडणीचे नमुने, पाठवले आणि ‘छान आहेत, पण आम्हाला हवं ते हे नाही’ असे उत्तर आले. आता चौथा लेआउट करावा का, आणि ब्रीफचा अर्थ लावायला शिकावे कसे, असे तुम्ही विचारता.

चौथा लेआउट आत्ता करू नका. या निरोपात क्लायंटने आपली अडचण सांगितलेलीच नाही. त्या अडचणीवर त्याने स्वतःच्या मनाशी काढलेले तोडगे तेवढे सांगितले आहेत. लाल रंग हा तोडगा आहे, मोठा लोगो हाही तोडगाच आहे. ते कोणत्या अडचणीवरचे आहेत हे शोधणे, सापडलेले स्वतःच्या शब्दांत लिहून काढणे आणि त्यावर क्लायंटचा होकार घेणे हे डिझाइनमधले पहिले काम आहे. ते झाल्याशिवाय काढलेला प्रत्येक लेआउट हा अंदाज असतो, आणि अंदाज कितीही देखणा असला तरी तो नाकारायला क्लायंटला कारण द्यावे लागत नाही.

‘मॉडर्न’ आणि ‘घरगुती’ या जोडीपासून सुरुवात करू, कारण जवळजवळ प्रत्येक ब्रीफमध्ये अशी एक जोडी असते आणि नवा डिझायनर तिथेच अडतो. दोन्हींचे निम्मे निम्मे मिश्रण करायला गेले की लेआउट बेचव होतो. माझा अनुभव असा आहे की परस्परविरोधी वाटणारी ही विशेषणे बहुधा दोन वेगवेगळ्या माणसांसाठी असतात. ‘मॉडर्न’ हे वितरकासाठी आणि दुकानदारासाठी असू शकते : सध्याच्या पाकिटाची छपाई फिकी आहे, ते शेल्फवर उभे राहत नाही, मोठ्या कंपन्यांच्या मालाशेजारी ते स्वस्तातले दिसते आणि म्हणून दुकानदार ते आतल्या फळीवर टाकतो. ‘घरगुती’ हे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसाठी असते, आणि तिच्या मनात या मसाल्याची तुलना दुसऱ्या ब्रँडशी होतच नाही. ती तुलना होते उन्हाळ्यात डंकावर कुटून गावाहून आलेल्या, वर्षभर पुरणाऱ्या बरणीतल्या मसाल्याशी. तुमच्या क्लायंटच्या बाबतीत हे असेच असेल तर विरोध उरत नाही. मॉडर्नपणाची मागणी पाऊचचा प्रकार, झिप, छपाईची सफाई आणि मोकळी मांडणी यांतून पुरी होईल, तर घरगुतीपणा अक्षरलेखन, रंगाची जात आणि मजकुराचा सूर यांतून येईल. मात्र हे असेच आहे असे गृहीत धरू नका. क्लायंटला सरळ विचारा, ‘आत्ताच्या पाकिटाबद्दल तक्रार कोणी केली आणि नेमकी काय केली?’ या एका प्रश्नाने जितके कळते तितके ‘तुम्हाला कोणती स्टाइल आवडते?’ या प्रश्नाने कधीही कळत नाही.

लाल रंगाचेही तसेच आहे. मसाला लाल म्हणून पाकीट लाल, की बाजारात सगळ्यांचे लाल म्हणून आपलेही लाल, की आजचे गिऱ्हाईक ‘ते लाल पाकीट द्या’ असे म्हणून मागते म्हणून लाल? पहिल्या दोन कारणांवर चर्चा होऊ शकते, कारण तिखट-मसाल्याच्या ओळीत आधीच इतका लाल रंग असतो की आणखी एक लाल पाऊच त्यात हरवून जाते. तिसरे कारण खरे असेल तर मात्र त्या रंगाला हात लावू नका. तो रंग ही क्लायंटने कमावलेली ओळख आहे आणि तुमच्या आवडीनिवडीपेक्षा तिची किंमत मोठी आहे.

‘लोगो मोठा’ हे वाक्य ऐकून आपल्या व्यवसायातले अनेक जण वैतागतात. मला तो वैताग अन्यायाचा वाटतो. क्लायंट दुकानात उभा राहिलेला असतो आणि त्याला स्वतःचे नाव दिसलेले नसते. आपण मात्र ते स्क्रीनवर पूर्ण आकारात पाहतो. किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभे असते, माल दुकानदाराच्या पाठीमागे असतो आणि छोट्या पुड्या लडीने टांगलेल्या असतात. त्या लडीत पुडीचा काही भाग झाकला जाऊ शकतो. अशा ठिकाणी नाव मोठे करण्यापेक्षा ते न झाकल्या जाणाऱ्या भागात घेणे आणि त्यामागचा गोंधळ कमी करणे उपयोगी पडते. सुपरमार्केटमध्ये उलट गिऱ्हाईक पाऊच हातात घेते, उलटून मागचा मजकूर वाचते. म्हणजे ‘पुण्या-मुंबईत विकायचंय’ या तीन शब्दांत दोन निराळी ब्रीफ दडलेली आहेत. माल कोणत्या प्रकारच्या दुकानात जाणार हे विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर त्या प्रकारच्या चार दुकानांत स्वतः जाऊन उभे राहा. ही पायपीट टाळू नका.

‘दिवाळीच्या आधी’ या मुदतीमागचे कारणही विचारले पाहिजे, कारण या मसाल्याचा खरा हंगाम उन्हाळ्याचा आहे. कदाचित वितरकाला शब्द दिला असेल, कदाचित एखाद्या प्रदर्शनात स्टॉल घेतला असेल. कारण कळले की तारीख किती पक्की आहे ते कळते, आणि मग छापखान्याकडून उलटी मोजणी करता येते. ग्रॅव्ह्यूर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या, छपाईत प्रत्येक रंगाचा स्वतंत्र सिलिंडर कोरावा लागतो. त्यानंतर छपाई, लॅमिनेशन म्हणजे फिल्मचे थर एकमेकांना चिकटवणे, लॅमिनेट पक्के होण्याचा अवकाश आणि शेवटी पाऊच तयार करणे असे टप्पे असतात. चकचकीत मेटलाइज्ड फिल्म वापरायची असेल तर रंगांच्या मागे पांढऱ्याचा थर लागतो, नाहीतर खालची चंदेरी झाक वर येऊन तुमचा लाल मळकट दिसतो. तो पांढरा हाही एक सिलिंडर. क्लायंटचा खास लाल नेहमीच्या चार रंगांतून नीट साधला नाही तर तोही वेगळा. असे चाराचे सहा होतात, आणि सिलिंडर कोरल्यावर एक काना बदलायचा तरी पुन्हा खर्च येतो. माल थोडा असेल तर हा खर्च त्या मालाला झेपतच नाही. अशा वेळी ‘या हंगामापुरते साधे तयार पाऊच घेऊन त्यावर उत्तम छापलेले लेबल लावू आणि विक्रीचा अंदाज आल्यावर सिलिंडर करू’ हे सांगणे म्हणजेच ब्रीफला दिलेले चांगले उत्तर असते, मग त्यात तुमचे काम लहान झाले तरी चालेल.

क्लायंटने लिहिलेल्या गोष्टींइतक्याच महत्त्वाच्या, पण त्याने न लिहिलेल्या गोष्टीही असतात. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर शाकाहारी चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे बोधचिन्ह आणि 14 अंकी परवाना क्रमांक, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटकपदार्थ, पोषणमूल्ये, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क यांना जागा लागते. वजनासारख्या तपशिलांच्या अक्षरांची किमान उंचीही नियमांनी ठरवून दिली आहे. 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावा लागतो आणि मराठी त्याच्या जोडीने देता येते. म्हणजे ‘सगळं मराठीत करा’ अशी इच्छा असली तरी जागेचे गणित दोन भाषांचे होते. शिवाय ‘पारंपरिक’, ‘अस्सल’, ‘शुद्ध’ अशा शब्दांच्या वापरावर 2018 च्या जाहिरात व दावेविषयक नियमांत अटी आहेत, त्यामुळे ‘घरगुती’ ही भावना शब्दांत छापण्यापूर्वी क्लायंटच्या खाद्यपरवान्याचे काम पाहणाऱ्या सल्लागाराकडून तो मजकूर लेखी तपासून घ्या. मजकुराची जबाबदारी क्लायंटची, जागेची तुमची, हे सुरुवातीलाच स्पष्ट असावे.

आणखी एक गोष्ट कोणताही क्लायंट लिहून देणार नाही, पण ती नसेल तर त्याला काहीतरी खटकत राहील. ‘कांदा लसूण मसाला’ या नावात ‘ल’ दोनदा येतो. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये आपोआप उमटतो तो हिंदी वळणाचा, उभा दंड असलेला म्हणजे दंडयुक्त ‘ल’. मराठी पाकळीयुक्त ‘ल’, म्हणजे दोन पाकळ्यांसारख्या वळणाचा ‘ल’, मिळवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी करावी लागते, किंवा ते रूप हाताने निवडावे लागते. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपे मानली आहेत. कोल्हापूरच्या माणसाला हा फरक शब्दांत सांगता येईलच असे नाही, पण हिंदी ‘ल’ असलेले पाकीट त्याला परक्या कंपनीचे वाटू शकते आणि मग तो ‘घरगुती वाटत नाही’ एवढेच म्हणतो. तुमचे तीनही लेआउट या एका गोष्टीसाठी आज पुन्हा उघडून पाहा.

प्रश्न कसे विचारावेत याचा माझ्या मते आपल्याकडचा सर्वोत्तम धडा 1958 चा आहे. भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याला लघुउद्योगांना साहाय्यभूत होईल असा डिझाइनच्या प्रशिक्षणाचा आराखडा सुचवायला सांगितले होते. त्यांनी देश हिंडून जो अहवाल दिला त्यात साधा लोटा घेऊन प्रश्नांची मालिका मांडली आहे : त्यात किती पाणी आणायचे असते, तो डोक्यावर, कमरेवर की हातात धरतात, भरलेला असताना आणि रिकामा असताना तो कसा तोलला जातो, ओतताना धार कशी पडते, धुता कसा येतो, किंमत किती पडते. यातला एकही प्रश्न ‘लोटा सुंदर कसा करावा’ असा नाही. सगळे प्रश्न वापराचे आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 मध्ये उभी राहिली ती या अहवालाच्या शिफारशींतून. तुमच्या पाऊचला असेच प्रश्न विचारा. ते कात्रीने कापतात की दातांनी फाडतात? उघडल्यावर मसाला डब्यात ओततात की पाऊचमध्येच ठेवतात? ओल्या, तेलकट हाताने धरल्यावर काय होते? झिप हवी की नको हे या उत्तरांवर ठरते.

विशेषणे आणि मोजता येणाऱ्या अटी वेगळ्या काढायची सवय लावायची असेल तर रुपयाच्या चिन्हासाठी 2009 मध्ये झालेल्या स्पर्धेचे उदाहरण अभ्यासा. चिन्हातून देशाचा ऐतिहासिक-सांस्कृतिक पिंड दिसावा ही एक अपेक्षा होती आणि ते नेहमीच्या कळफलकावर वापरता यावे ही दुसरी. पहिल्या अपेक्षेचा अर्थ कोणी काहीही लावू शकतो. दुसरी मात्र कठोर आहे : चिन्ह अक्षराएवढ्या आकारात, एका रंगात, इतर चलनचिन्हांच्या पंक्तीत शोभले पाहिजे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात संशोधन करणाऱ्या उदय कुमार यांच्या निवडलेल्या चिन्हात देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच आकृतीत आले, आणि शिरोरेषा व तिच्याखालची समांतर रेघ मिळून दोन आडव्या रेघाही झाल्या. 15 जुलै 2010 रोजी त्याला मंजुरी मिळाली. कठोर अटीच्या चौकटीत राहून मोघम अपेक्षेला उत्तर कसे देता येते ते इथे स्पष्ट दिसते.

आता प्रत्यक्ष करायचे काय ते सांगतो. क्लायंटला फोन करून अर्धा तास मागा आणि बोलण्यात निरोप पाठवणाऱ्याखेरीज अंतिम होकार देणारी व्यक्तीही असू द्या. घरच्या उद्योगात निरोप मुलगा पाठवतो, पैसे वडील देतात आणि मसाल्याचे प्रमाण आईच्या हातात असते, आणि ‘हवं ते हे नाही’ हे वाक्य यांपैकी कोणाचे आहे हे तुम्हाला आज ठाऊक नाही. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी एक पान लिहून पाठवा. त्याचा सूर साधारण असा असावा : ‘हे पाऊच प्रामुख्याने पुण्यातील किराणा दुकानांत विकले जाईल. दुकानदाराने ते पुढच्या फळीवर ठेवावे, हा या बदलाचा मुख्य हेतू आहे. सध्याचे ग्राहक लाल रंगावरून ओळखतात, म्हणून लाल कायम राहील, मात्र नावाची जागा आणि अक्षरे बदलतील. छपाई अमुक रंगांची असेल. मजकूर तुमच्याकडून अमुक तारखेपर्यंत अंतिम होऊन मिळेल. दुकानातल्या फळीवर इतर पाकिटांमध्ये ठेवून नाव ओळखू आले, तर काम साधले असे आपण दोघे मानू.’ किती फेऱ्या दुरुस्त्या मानधनात धरल्या आहेत तेही याच पानावर असावे. क्लायंट यातली दोन वाक्ये खोडून नवी लिहील. तसे झाले की खरे ब्रीफ तुमच्या हाती आले असे समजा.

पुढचा लेआउट दाखवताना तो नुसता पाठवून देऊ नका. तो खऱ्या मापात छापून, रिकाम्या पाऊचला चिकटवून, बाजारातल्या इतर पाकिटांशेजारी ठेवा आणि प्रत्येक निर्णय त्या पानावरच्या वाक्याशी जोडून सांगा. तीन पर्याय दाखवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण त्यात निवडीचा भार आपण क्लायंटवर टाकतो. अर्थात ब्रीफच्या एखाद्या मुद्द्याचे दोन अर्थ खरोखर संभवत असतील तर दोन लेआउट जरूर दाखवावेत, पण कोणता कोणत्या अर्थासाठी हे सांगून. हरकत आली तर ‘काय आवडले नाही?’ असे न विचारता ‘पानावरचे कोणते वाक्य यात साधले नाही असे वाटते?’ असे विचारा.

सरावासाठी एक गोष्ट सुचवतो. घरातली कोणतीही पाच पाकिटे घ्या, चहा, साबण, पापड, काहीही, आणि प्रत्येकाचे मूळ ब्रीफ काय असेल ते पाकिटावरूनच उलट दिशेने लिहून काढा : कोणासाठी, कोणत्या दुकानासाठी, किती रंगांत, कशाच्या भीतीने आणि कशाच्या आशेने. मग ते पाकीट जिथे विकले जाते त्या दुकानात जा आणि दुकानदाराला विचारा की ते कोण घेते आणि काय म्हणून मागते. तुमचे लिहिलेले आणि दुकानदाराचे सांगणे जिथे जुळणार नाही तिथे वहीत खूण करा, आणि पुढच्या क्लायंटला विचारायचे प्रश्न त्या खुणांवरून तयार करा.