पाणी स्वतः ओलं असतं की फक्त दुसऱ्याला ओलं करतं?

माझं मत विचाराल तर पाणी ओलं नसतं. प्रश्न टाइमपास वाटतो खरा, पण यात फिजिक्स बऱ्यापैकी आहे.

ओलं होणं हे एकट्या पाण्याचं काम नाहीच मुळी, त्याला समोर एक पृष्ठभाग लागतो. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात आणि समोरचा पृष्ठभागही त्यांना आपल्याकडे ओढतो, या खेचाखेचीत पृष्ठभाग जिंकला की पाणी पसरतं आणि आपण म्हणतो ओलं झालं, नाही जिंकला तर थेंब गोल होऊन नुसता बसून राहतो. हे चक्क मोजता येतं, थेंबाची कड पृष्ठभागाशी किती अंशाचा कोन करते त्यावरून (थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ मध्येच हे मांडलं होतं). ९० च्या आत असेल तर ओलं करतंय असं धरतात. एकदम स्वच्छ काचेवर हा कोन जवळपास शून्य असतो आणि कमळाच्या पानावर १५० च्या वर, म्हणून पान पाण्यात राहून कोरडं. पारा बघा, तो पण द्रवच आहे पण काच काही त्याने ओली होत नाही.

आता समोरच्या पार्टीचा फेवरेट मुद्दा, की एक रेणू कोरडा असेल पण बाकीच्या रेणूंनी वेढला की तो ओलाच झाला ना. ऐकायला भारी आहे, पण पाण्यात पाणी ओतलं की दोघांमधली सीमाच गायब होते, मग कोन मोजणार कुठे? बर्फाचं मात्र मान्य, बर्फ ओला होऊ शकतो, म्हणजे पाण्याला ओलं व्हायचंच असेल तर आधी गोठावं लागेल 😄

"हात घातला की ओलं लागतं" हे पण चालणार नाही, कारण आपल्या त्वचेत ओलावा ओळखणारा वेगळा सेन्सरच नाहीये. गारवा आणि स्पर्श हे दोन्ही जोडून मेंदू अंदाज लावतो, पातळ रबरी ग्लोव्ह घालून गार पाण्यात हात घाला, आत बोटं कोरडी असूनही ओली वाटतील.

आणि तरीही कोणी ऐकत नसेल तर त्याला विचारा, पाणी आधीच ओलं असेल तर साबण घातल्यावर तेच पाणी कापडात जास्त पटकन कसं काय शिरतं?